बस म्हणेपर्यंत

त्या दिवशी ओंडक्यावर काम नव्हतं. करवतीचे दाते बोथट झाले होते, म्हणून वस्ताद सकाळपासून अंगणात धार लावत बसले होते. पुरुषभर लांबीची ती करवत दोन फळ्यांच्या बेचक्यात उभी केलेली, दाते आभाळाकडे. एका दात्याला कानशीचे तीन घासे, मग पुढचा दाता. करवत हलू नये म्हणून पलीकडे काडी दोन्ही तळव्यांनी पातं दाबून बसला होता. भोपळ्याला रॉकेलचा बोळा फिरवायला बसवलं होतं. तो बोळा हातात धरून गप्पा मारत होता.

दोघंही सोळा-सतराचे. काडी दिसायला नावासारखाच होता. भोपळ्या वर्षभरात वाढून पार ताडमाड झाला होता, पण गावानं एकदा ठेवलेलं नाव कोण बदलतंय?

"वस्ताद, काडीला मिशी आली."

"कुठाय?" वस्तादांनी मान वर केली नाही.

"उजवीकडे चार केस, डावीकडे तीन."

"मोजलेस?"

"मोजले ना."

"मग आता दाते मोज. एकशे सहा भरले पाहिजेत. कमी भरले तर तुझे काढून बसवतो."

काडी हसला. "सात नाहीत, सहाच आहेत दोन्हीकडे मिळून," असं काहीतरी म्हणायला गेला आणि त्याचा आवाज मध्येच फाटला. आधी जाड, मग एकदम चिमणीसारखा. त्यानं तोंड मिटून घेतलं.

"बोल, बोल," वस्ताद म्हणाले. "फाटका आवाज बोलूनच शिवला जातो. गप्प बसशील तर लग्नात पण असाच ओरडशील."

स्वयंपाकघराच्या खिडकीशी वस्तादांची मुलगी धान्य निवडत होती. तिला हसू आलं. पण ते खिडकीच्या आतल्या आतच राहिलं.

ती छत्तीस वर्षांची होती. गावचं वाचनालय सांभाळायची, संध्याकाळी चार ते सात. कपाटातली सगळी पुस्तकं तिची वाचून झाली होती, काही दोनदा. पण जगात वागायचं कसं, हे ती पुस्तकांतून कमी आणि या खिडकीतून जास्त शिकली होती. चोवीस वर्षं ती इथून ऐकत आली होती.

गावात एखादा मुलगा हाताबाहेर जायला लागला, शाळा सोडून हिंडायला लागला, घरात हात उगारायला लागला, की घरचे त्याला धरून वस्तादांकडे आणायचे. वस्ताद कधी विचारायचे नाहीत की यानं काय केलं. ते त्याच्या मनगटाकडे बघायचे आणि म्हणायचे, "उद्या डोक्याला बांधायला फडकं आण."

काम सांगायला सोपं होतं. दोन उंच लाकडी घोड्यांवर ओंडका चढवायचा. गेरूत भिजवलेली दोरी ताणून त्यावर रेघ मारायची. एक जण ओंडक्यावर उभा, एक जण ओंडक्याखाली. वरचा रेघ बघतो आणि करवत वर उचलतो. खालचा ती खाली ओढतो, लाकूड कापतं ते त्या ओढीनं. खालच्याला रेघ दिसत नाही, वरचा माणूस दिसत नाही. दिसतो तो भुसा, आणि तोही डोळ्यांत. नवा मुलगा वर्षभर खाली असायचा. त्या वर्षात वस्ताद वरून बोलत राहायचे. दाढी कशी करावी. आईला उलट बोलल्यावर परत घरात कसं शिरावं. एखादी मुलगी आवडली तर तिच्या रस्त्यात उभं न राहता काय करावं. एकदा एका मुलाचे वडील वारले होते, तेव्हा ते म्हणाले होते, "रडायचं तर खाली असतानाच रड. भुशानं डोळे लालच असतात, कोण विचारतंय?"

शेवटी एक परीक्षा असायची. ती कधी होईल ते सांगत नसत. काम चालू असतानाच वस्ताद उचलायचं सोडून वरून करवतीवर भार टाकायचे. करवत एकदम जड व्हायची, चिखलात रुतल्यासारखी. अशा वेळी मुलानं हिसका द्यायचा नाही, ओरडायचं नाही, वर बघायचं नाही. खालूनच वर ढकलायची आणि एका लयीत ओढत राहायचं. वीस ओढी झाल्या की वरून आवाज यायचा, "बस." मग त्याच दुपारी मुलगा वर चढायचा आणि वस्ताद स्वतः खाली उतरायचे. आता भुसा वस्तादांच्या डोळ्यांत.

एके काळी ओंडक्याखाली ती असायची. आई गेली तेव्हा ती नऊ वर्षांची होती. घरात तिला एकटीला ठेवण्यापेक्षा वस्ताद तिला कामावर न्यायचे. छोट्या फांद्या, हलक्या फळ्या. तिचे हात दोनच महिन्यांत लयीला आले होते. बाराव्या वर्षी एका सकाळी त्यांनी तिचं डोक्याचं फडकं खुंटीवरून काढलं, घडी घातली आणि ट्रंकेत ठेवलं. "आता नको, पोरी," एवढंच म्हणाले. पुढच्या आठवड्यात पहिला मुलगा आला. तेव्हापासून वस्तादांचं बोलणं अंगणात आणि ती घरात. तिच्याशी ते मीठ, दिवाबत्ती, पाणी आलं का, एवढंच बोलायचे. प्रेमात कुठे कमी नव्हतं. पण मिशी न फुटणारं मूल मोठं कसं करायचं, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"वस्ताद," काडी अंगणात विचारत होता, "पुलाच्या किती फळ्या राहिल्या?"

"नऊ."

ओढ्यावरचा लाकडी पूल यंदाच्या पुरात वाहून गेला होता. पलीकडच्या वस्तीतली मुलं दप्तर डोक्यावर घेऊन कमरेएवढ्या पाण्यातून शाळेला येत होती. उतारावरचं एक जुनं झाड त्यासाठी पाडलं होतं. वीस फळ्या हव्या होत्या, अकरा झाल्या होत्या.

"उद्या मी खालीच का?"

"उद्याचं उद्या," वस्ताद म्हणाले. पण त्यांनी कानस थांबवून काडीकडे बघितलं, आणि भोपळ्यानं बोळा टाकून काडीच्या पाठीत धपका घातला. सगळ्यांना कळलं.

संध्याकाळी ती वाचनालयातून आली तेव्हा वस्ताद डावा दंड चोळत बसले होते.

"काय झालं?"

"कानस फार चालवली. आमटीत मीठ जास्त नको टाकूस."

झालं, एवढंच. तो दिवस असा संपला.

सकाळी तिनं चूल पेटवली तरी ते उठले नव्हते. असं कधी होत नसे. ती आत गेली. ते पलंगाच्या कडेला बसले होते, सदऱ्याचा एक हात घातलेला, दुसरा लोंबकळत. थंडी होती आणि त्यांच्या कपाळावर घाम होता.

"पोरी, जरा हे बघ."

असं त्यांनी तिला आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं. छातीवर कुणीतरी पाय देऊन उभं आहे असं वाटतंय, म्हणाले. हाताला मुंग्या. तिनं तेल कोमट केलं, त्यांच्या पाठीमागे बसून खांद्यापासून मनगटापर्यंत चोळलं. दंड अजून लाकडासारखा घट्ट होता, पण कातडी सैल झाली होती. ती केव्हा सैल झाली, हे तिच्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

"आठच्या गाडीनं दवाखान्यात जाऊ," ती म्हणाली.

"आज नको. आज त्या पोराचा दिवस आहे."

"एक दिवस पुढे ढकला."

"ढकलला तर त्याला वाटेल आपणच कमी पडलो. आठ दिवस झोपलेला नाही तो. त्याची आई सांगत होती." त्यांनी दुसरा हात सदऱ्यात घातला. "पोरांना बोलू नकोस हं यातलं. आता बरं वाटतंय."

तिच्या हातांना तेल लागलेलं होतं. ती उठून चुलीकडे गेली.

"जा मग," ती म्हणाली. "मला कशाला दाखवता?"

ते दारात थोडा वेळ थांबले. वहाणा घातल्याचा आवाज आला, मग काहीच नाही, मग पावलं. ती वळली नाही.

साडेदहाच्या सुमाराला ती वाचनालयात पुस्तकांना खाकी वेष्टनं घालत होती. खरं तर वेळ नव्हती उघडायची, पण घरात बसवेना म्हणून ती आली होती. भोपळ्या दारात येऊन उभा राहिला. पळत आला होता. चौकट धरून नुसता श्वास घेत राहिला.

"काय रे?"

"ताई, वस्ताद उतरत नाहीत."

ती गेली तेव्हा पाच-सहा जण जमले होते. वस्ताद ओंडक्यावर बसलेले होते, घोड्यावर बसावं तसे, दोन पाय दोन बाजूंना. दोन्ही हात करवतीच्या वरच्या मुठीत अडकलेले आणि कपाळ हातांवर टेकलेलं. दुरून बघणाऱ्याला वाटावं, रेघ बघायला वाकलेत. खाली काडी उभा होता. डोळे मिटलेले, पापण्यांवर भुसा, हात खालच्या मुठीवर.

"अरे सोड रे ती करवत," कुणीतरी म्हणालं. त्यानं सोडली नाही. पूल बांधणाऱ्या सुतारानं त्याची बोटं एकेक करून उलगडली.

गावातला कंपाउंडर सायकल टाकून आला. त्यानं नाडी बघितली, पापणी वर केली आणि स्वतःचे हात पुसले. "ताबडतोब हाक मारली असती तर..." तो म्हणाला. "सांगता येत नाही. पण अशा वेळी तीन-चार मिनिटंसुद्धा पुष्कळ असतात."

"किती वेळ ओढत होतास रे?" सुतारानं काडीला विचारलं.

"तेवीस," काडी म्हणाला.

"तेवीस काय? मिनिटं?"

"ओढी. करवत जड झाली. मला वाटलं परीक्षा. वीसला वस्ताद बस म्हणतात. आवाज नाही आला. मला वाटलं, मोजायला चुकलो. मग एकवीस, बावीस." तो थांबला. "तेवीसला मी म्हटलं, वस्ताद, बस म्हणा ना."

वस्तादांना खाली उतरवायला चार जण लागले.

त्या दिवसाचं बाकी सगळं माणसांनी उरकलं. अशा वेळी माणसं करतात ते सगळं त्यांनी केलं. दुसऱ्या दिवसापासून बायका येऊन तिच्याजवळ बसू लागल्या, पुरुष अंगणात. आणि कंपाउंडरचं ते वाक्य घरोघरी फिरून मोठं होऊन तिच्याच दारात परत आलं.

"दहा मिनिटं मेलेल्या माणसाला ओढत होता म्हणे."

"वर मान करून बघायला काय झालं होतं?"

"वस्तादांनी पोराला माणसात आणायला घेतलं, आणि पोरानं हे केलं."

"त्याच्या बापाचं पण असंच. वेळेला तोंड उघडायचं नाही."

शेजारची काकू तिचा हात धरून म्हणाली, "तू मनाला लावून घेऊ नकोस गं. तुझा काय दोष?"

ती तेव्हा बोलणार होती. वाक्य जिभेपर्यंत आलं होतं: मला माहीत होतं. पण काकूनं तिचा हात इतक्या मायेनं धरला होता, आणि तिचा हात असा कुणी कित्येक वर्षांत धरला नव्हता. ती गप्प राहिली. दुसऱ्या दिवशी गप्प राहणं आणखी सोपं गेलं. खरं सांगायचं तर, काडीवर सगळे बोलू लागले तेव्हा तिला श्वास घ्यायला जरा जागा झाली. आपल्याला अशी जागा लागते आहे, हेही तिला दिसत होतं. तिनं ते बघितलं आणि तोंड फिरवलं.

लोक यायचे थांबल्यावर घर केवढं मोठं झालं. ती सवयीनं दोघांचा चहा टाकायची, अर्धा ओतून द्यायची. दुपारी खिडकीशी बसायची. अंगणात नुसतं ऊन. ज्या मुलांचा तिला चोवीस वर्षं राग आला, त्यांतला एक तरी येऊन मोठ्यानं हसावा, असं तिला वाटायचं. कुणी आलं नाही. वस्तादांनी वर चढवलेले वीस-बावीस जण आता बापे झाले होते. त्यांतले बरेच येऊन डोळे पुसून गेले होते. रोज येणार कोण?

दहाव्या दिवशी सुतार आला. ओट्यावर बसला, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"ताई, वेळ बरी नाही विचारायची. पण काल पलीकडची एक पोरगी पाय घसरून पडली ओढ्यात. निघाली बाहेर, पण दप्तर गेलं. फळ्या अकराच आहेत. करवत तशीच अडकून आहे ओंडक्यात. भोपळ्या म्हणतो, खाली कुणी उभं राहायला तयार नाही. पोरं घाबरतात त्या जागेला."

"काडी?"

सुतारानं नुसतं टोपीकडे बघितलं.

तो गेल्यावर तिनं वस्तादांचा जुना सदरा अंगात चढवला, बाह्या दुमडल्या, पदर कमरेला घट्ट खोचला, डोक्याला फडकं बांधलं. ओंडक्याकडे जायचा रस्ता चहाच्या दुकानावरून होता. बाकावरच्या एकानं दुसऱ्याला ऐकू जाईल असं म्हटलं, "वस्तादांच्या लेकीला आता जोडीदार भोपळ्याच मिळाला." दुसरा हसला, मग खोकल्यासारखं केलं. तिचे कान तापले. ती चालत राहिली.

भोपळ्या ओंडक्यावर चढून बसला होता. तिला बघून उभा राहिला.

"ताई, तुम्ही?"

"पाचर मार आधी. पातं आवळलंय."

त्यानं फटीत पाचर बसवून हातोड्यानं ठोकली. लाकूड करकरलं, फट बोटभर उघडली. तिनं खालची मूठ धरली. दहा दिवसांचं दव खाऊन ती काळी पडली होती. पहिल्या ओढीला करवत जागची हलली नाही. दुसऱ्या ओढीला एकदम सुटली आणि ती मागे पडता पडता वाचली.

"हिसका देऊ नका ताई," भोपळ्या वरून म्हणाला. मग चाचरत, "सॉरी."

"बरोबर आहे तुझं. बोलत राहा."

पण भोपळ्याला वस्तादांसारखं बोलता येत नव्हतं. करवतच तेवढी बोलत होती, वर जाताना कोरडी, खाली येताना भरलेली. थोड्या वेळानं तिच्या हातांना आपोआप आठवलं. खांदे नाही, कंबर. ओढायचं ते गुडघ्यांतून. भुसा मानेवरून पाठीत उतरला, घामानं चिकटला. तळव्यांना फोड आले, मग फुटले. छत्तीस वर्षांच्या कमरेला बारा वर्षांच्या मुलीचं काम जड जात होतं. डोळे मिटल्यावर वर कोण आहे ते खरंच कळत नाही. वर कोणीही असू शकतं. हे तिच्या ध्यानात आलं आणि ती ओढतच राहिली, कारण थांबली असती तर मांडी घालून तिथेच बसली असती.

तिसऱ्या विश्रांतीला भोपळ्या खाली उतरला. दोघं सावलीत बसून पाणी प्यायले.

"काडी उद्या जाणार," तो म्हणाला.

"कुठे?"

"मामाबरोबर. सकाळच्या ट्रकनं. मामा दगडाच्या क्रशरवर आहे ना, लांब, तिकडे. म्हणतो, गावात पोराचं नाव खराब झालं, इथे आता कोण उभं करणार. काडीला जायचं नाहीये. पण तो काही बोलतच नाही."

"जेवतो का?"

"आईनं भरवलं तर. आणि मोजत असतो. मी गेलो होतो परवा. भिंतीकडे तोंड करून वीसपर्यंत मोजतो, थांबतो, ऐकतो, परत एकपासून." भोपळ्यानं तोंड पुसलं. पुसताना डोळेही पुसले. "मीपण तिथेच होतो ना ताई. फळ्या लावत होतो, पन्नास पावलांवर. पाठ होती माझी. मला कुणी काही म्हणत नाही. का म्हणत नाही?"

तिच्याकडे उत्तर होतं. ते तिनं भोपळ्याला दिलं नाही. ते आधी ज्याचं होतं त्याला द्यायला हवं होतं.

"चल," ती उठली. "ही पुरी करू."

ऊन कलायच्या सुमाराला फळी सुटली. बारावी. तिनं हात धुतले नाहीत, अंग झटकलं नाही. तशीच निघाली. थांबून कपडे बदलले असते तर बहुतेक गेलीच नसती.

काडीचं घर वस्तीच्या टोकाला होतं, एक खोली आणि पुढे पत्र्याची पडवी. पडवीत काडीचा मामा एका वळकटीला दोरी आवळत होता, गुडघा देऊन. काडीची आई भांडी घासत होती. तिला बघताच ती राखेच्या हातांनीच उठली.

"अगं बाई, ताई! तुम्ही कशाला आलात? आम्हीच येणार होतो. हे काय अंगावर? बसा ना. दादा, ती खुर्ची दे." मामानं खुर्ची पुढे केली. खुर्चीचा एक पाय आखूड होता, आईनं त्याखाली घाईघाईनं लाकडाचा तुकडा सरकवला आणि त्याच ओणव्या अवस्थेत म्हणाली, "आम्हाला तोंड नाही दाखवायला. तेरा-चौदा महिने सांभाळलं त्यांनी याला. याचा बाप गेल्यावर हा बोलायचा बंद झाला होता, त्यांनी बोलता केला. आणि यानं त्यांनाच..." तिनं पदर तोंडाला लावला. मग एकदम आवाज चढवून आत बघून ओरडली, "बाहेर ये! ये बाहेर. ताईंची माफी माग. जायच्या आधी माफी माग."

काडी दारात आला. नवा सदरा घातला होता, घड्या मोडल्या नव्हत्या. गळ्याशी दोन बोटं शिरतील एवढा तो ढिला होता. तो तिच्या पायांकडे बघत उभा राहिला. तिच्या पायांवरही भुसा होता.

"माग ना!"

"चुकलं, ताई," काडी म्हणाला. "मी हाक मारायला पाहिजे होती. वर बघायला पाहिजे होतं."

पाठ केल्यासारखं म्हणाला. बहुतेक केलंच होतं.

"हात जोड," आई म्हणाली.

तो हात जोडायला लागला. दोन्ही तळवे एकमेकांजवळ येताना तिला ते दिसले. घट्टे पडलेले, मोठे, बाप्याचे हात, आणि मनगटं अजून पोराची. ती खुर्चीवरून उठली आणि त्याचे हात मध्येच धरले. तिच्या फुटलेल्या फोडांना झोंबलं.

"नको," ती म्हणाली. "नको करूस. तुझं काही चुकलं नाही."

"असं तुम्ही मोठ्या मनानं म्हणता," मामा म्हणाला. "पण झालं ते झालं. पोर लांब गेलं की विसरेल."

"मोठ्या मनानं नाही. ऐका." तिनं काडीचे हात सोडले नाहीत. "त्यांना सकाळीच त्रास होत होता. घरून निघायच्या आधी. छातीत. हाताला मुंग्या येत होत्या. त्यांनी मला दाखवलं. मी तेल चोळलं. मला माहीत होतं. अख्ख्या गावात मला एकटीला माहीत होतं, आणि दहा दिवस तुम्ही सगळे याला बोलत होतात आणि मी ऐकत बसले."

आईच्या हातातून राख गळत होती. मामानं दोरी सोडली.

"हे चारचौघांत सांगाल?" तो म्हणाला. शब्दांत अदब होती, पण नजर रोखलेली. "इथे सांगून काय होणार?"

"सांगेन. चहाच्या दुकानापासून सुरू करते. उद्या ट्रक यायच्या आधी."

काडीनं मान वर केली. दहा दिवसांत तो पहिल्यांदाच कुणाच्या तोंडाकडे बघत असावा. डोळे कोरडे होते.

"मग तुम्ही अडवलं का नाही?"

"काडी!" आई म्हणाली.

"विचारू दे त्याला."

त्यांनी ऐकलं नसतं, हे वाक्य तिच्याजवळ दहा दिवसांपासून तयार होतं. ते खरंही असेल. तिनं ते बाजूला ठेवलं.

"ते म्हणाले, आज त्या पोराचा दिवस आहे," ती म्हणाली. "आणि मला राग आला. तुझा. तुझ्या आधीच्या सगळ्यांचा पण. तुम्ही येत होतात, ते तुमच्याशी बोलायचे, आणि मी खिडकीतून ऐकायचे. मला वाटलं, मरणाचं दुखत असताना पण यांना पोरंच दिसतात. मी तोंड फिरवलं, आणि म्हटलं, जा मग. त्यांच्याकडे बघितलं पण नाही."

काडीचे हात तिच्या हातांत होते. त्यानं ते काढून घेतले नाहीत.

"ते दारात थांबले होते," ती म्हणाली. "बराच वेळ. मी काहीतरी म्हणेन म्हणून असतील. मला म्हणायचं होतं."

"काय?" काडीनं विचारलं.

पडवीच्या पुढे रस्ता होता, रस्त्यावर कुणी नव्हतं. ती त्या रिकाम्या रस्त्याकडे वळली आणि, जो पाठमोरा होऊन निघालाय त्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं, म्हणाली,

"बाबा, जाऊ नका. आज माझ्यासाठी थांबा."